जुनं सेंटरपिन रीळ कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळा आवरताना, आजोबांची ट्रंक उघडताना किंवा जुन्या बाजारात फिरताना कुणाच्या तरी हाती एक गोल, जडसर चकती लागते. दोन मुठी, मधे खिळा, खाली पितळी पाय. मग फोटो येतो आणि सोबत प्रश्न: "हे कोणत्या कंपनीचं? किती जुनं?" गळाच्या दांडीला लावून मासे धरायचं हे जुनं रीळ, सेंटरपिन. मी बरीच वर्षं ही रिळं हाताळतो आहे. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक विनंती: रिळावरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा. आधी त्याचं अंग बघा. असं का, ते पुढे येईलच.

सेंटरपिन म्हणजे नेमकं काय?

एक स्थिर खिळा आणि त्यावर मोकळा फिरणारा ड्रम. मधे गिअर नाहीत. ड्रमचा एक फेरा म्हणजे दोऱ्याचा एक वेढा. चांगलं सेंटरपिन बोटाने हलकेच टिचकलं तर बराच वेळ आवाज न करता फिरत राहतं. नदीच्या प्रवाहाबरोबर फ्लोट, म्हणजे दोऱ्याला लावलेलं तरंगणारं बूच, वाहत जाताना त्या नुसत्या ओढीनेच दोरा सुटला पाहिजे, यासाठी सगळा खटाटोप.

फ्लाय रीळ, म्हणजे पिसादोऱ्याची कृत्रिम माशी फेकून मासे धरणाऱ्यांचं रीळ, दिसायला जवळचं असतं आणि इथेच सर्वात जास्त गोंधळ होतो. त्याचा ड्रम सहसा अरुंद असतो, मूठ बहुधा एकच असते आणि फिरवताना 'कर्र कर्र' आवाज करणारा चेक कायम लागलेला असतो. सेंटरपिनमध्ये तो चेक बंद करता येतो. मागच्या बाजूला एखादं सरकतं बटण किंवा छोटा खटका दिसला, तो सरकवल्यावर आवाज थांबला आणि ड्रम मोकळा झाला, तर बहुतेक सेंटरपिनच. मुठीच्या एका फेऱ्यात ड्रमचे अनेक फेरे होत असतील तर ते मल्टिप्लायर आहे, त्याचं घराणं वेगळं.

ही रिळं मुळात कुठली?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची, ट्रेंट नदीकाठची. नॉटिंगहॅम लेस विणणाऱ्यांचं शहर होतं, त्यामुळे लाकूड कातणारे आणि फिरक्या बनवणारे हात तिथे होतेच. ट्रेंटसारख्या रुंद, वाहत्या नदीत फ्लोट लांब सोडायचा तर मोकळं फिरणारं रीळ हवं. त्यातून अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या लाकडाचं रुंद ड्रमचं 'नॉटिंगहॅम रीळ' रुळलं. पुढे धातूकाम, गळ आणि घाऊक उत्पादन यांचं केंद्र वूस्टरशरमधलं रेडिच झालं. रेडिच हे सुयांचं गाव. सुई बनवणाऱ्याला गळ बनवणं अवघड नव्हतं, आणि गळ विकणाऱ्याने दांडी आणि रीळही विकायला घेणं ओघाने आलंच.

माझं रीळ लाकडी आहे. म्हणजे दीडशे वर्षं जुनं?

असेलच असं नाही. लाकडी रीळ दिसलं की लोक थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळात जाऊन पोचतात. पण साधी, स्वस्त लाकडी रिळं विसाव्या शतकातही बरीच वर्षं विकली जात होती.

रीळ उलटं करून पाठ बघा. पाठीवर फुलीसारखी किंवा चांदणीसारखी पितळी पट्टी जडवलेली असेल तर त्याला 'स्टारबॅक' म्हणतात. ती शोभेची नाही. लाकूड ओलाव्याने वाकतं, ते वाकू नये आणि पाय घट्ट बसावा म्हणून तो आधार. पट्टीच्या कडा हाताने कानस मारल्यासारख्या किंचित असमान असतील, स्क्रूच्या खाचा मध्यापासून जरा सरकलेल्या असतील, तर ते जुन्या हातकामाचं लक्षण. सगळं एकसारखं ठोकून काढलेलं असेल तर नंतरचं.

दुसरी गोष्ट म्हणजे ड्रम खिळ्यावरून कसा निघतो. जुन्या साध्या प्रकारात मधे पितळी नट असतो, तो फिरवून काढावा लागतो. पुढे नेवार्कच्या डेव्हिड स्लेटर यांनी १८८० च्या दशकात खटक्याची युक्ती रूढ केली: मधली छोटी पट्टी सरकवली की ड्रम अलगद हातात येतो. हा खटका असेल तर रीळ त्याआधीचं असू शकत नाही. अशा 'याआधीचं नाही' म्हणणाऱ्या खुणाच काळ ठरवायला सर्वात कामी येतात.

माझ्याकडे रत्नागिरीकडच्या एका घरातून आलेलं साडेतीन इंची स्टारबॅक आहे. जुलैमध्ये ते फिरत नाही. ड्रमची कड फुगून पाठीच्या लाकडाला घासते आणि बोटाला किंचित चिकट लागते. जानेवारीत तेच रीळ टिचकीसरशी फिरतं. एबोनाइट (गंधक घालून कडक केलेलं काळं रबर) आणि धातू लाकडाच्या जागी का आले, ते हे रीळ दरवर्षी मला दाखवतं. तुमचं लाकडी रीळ पावसाळ्यात अडकलं तर कृपया जोर लावू नका आणि पॉलिश पेपर तर मुळीच मारू नका. थंडीपर्यंत थांबा.

रिळावर नाव कोरलेलं आहे. तीच कंपनी ना?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या काळी मासेमारीचं सामान विकणारी दुकानं रीळ बनवत असतीलच असं नव्हतं. रेडिचच्या कारखान्यातून तयार माल यायचा आणि त्यावर दुकानदाराचं नाव कोरलं जायचं. आपल्याकडे सराफ किंवा भांडेवाला आपल्या पेढीचा शिक्का मारतो, तसंच. रेडिचची जे. डब्ल्यू. यंग अँड सन्स ही कंपनी स्वतःच्या नावाने रिळं विकायचीच, शिवाय इतर कितीतरी विक्रेत्यांसाठीही बनवायची. रेडिचच्याच ऑलकॉक कंपनीचंही तसंच. म्हणजे एकाच साच्यातून निघालेली दोन रिळं दोन वेगळ्या नावांनी दोन शहरांत विकली गेली असतील.

त्यामुळे नावाचा अर्थ पुष्कळदा 'कुणी विकलं' एवढाच. त्याचाही उपयोग आहेच. दुकानाचा पत्ता कोरलेला असेल तर ते दुकान त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होतं, हे जुन्या व्यापारी निर्देशिकांत सापडतं आणि त्यावरून काळ आवळता येतो. पण बनवणारा शोधायचा असेल तर पायाचा आकार, चेकची आतली स्प्रिंग, मुठीची घडण, स्क्रूंची मांडणी पाहा. हे कारखान्याचं अक्षर असतं, आणि नाव बदललं तरी ते बदलत नाही. चेकचं दातेरी चाक आणि त्याला टेकणारी जीभ यांचा जवळून फोटो काढा. दुकानाच्या नावाने शोधण्यापेक्षा त्या फोटोशी जुळणारं रीळ शोधा. उत्तर लवकर मिळतं.

आणि नावच नसेल तर?

निराश होऊ नका. नाव नसलेली रिळं भरपूर आहेत. स्वस्त माल कोऱ्या पाठीनेच विकला जायचा. पण आधी खात्री करा की नाव खरंच नाही. ड्रम काढून आतली बाजू, पायाच्या खालची बाजू आणि खिळ्याच्या बुडाजवळची जागा बघा. दिवा समोरून न धरता बाजूने, अगदी आडवा धरा. मोबाइलचा टॉर्चही चालेल. घासून पुसट झालेली अक्षरं त्या तिरप्या उजेडात सावली टाकतात आणि वाचता येतात. मी एकदा कोरं समजून बाजूला ठेवलेल्या रिळाच्या पायाखाली अशीच एक उडी मारणारी हरणाची आकृती पाहिली होती. हरण म्हणजे ऑलकॉक.

'एरियल' म्हणून लोक एवढे का हळवे होतात?

कारण एरियल हे या सगळ्या वंशातलं सर्वांत सुंदर रीळ आहे, असं माझंही मत आहे. नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सन यांची ती कल्पना. १८९६ च्या सुमारास रेडिचच्या एस. ऑलकॉक अँड कंपनीने ती बाजारात आणली. भरीव ड्रमऐवजी दोन कड्या आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक दांड्या, म्हणजे सायकलच्या चाकासारखी रचना. वजन कमी, त्यामुळे अगदी मंद प्रवाहातही ड्रम सुरू होतो. दोरा त्या दांड्यांवरच गुंडाळला जातो, म्हणून मधे हवा खेळते आणि रेशमी दोरा लवकर वाळतो.

ओळखताना आधी दांड्या मोजा. सहा दांड्यांचं रूप सर्वांत परिचित आहे, पण कमी-जास्त दांड्यांची रूपंही आहेत. सुरुवातीच्या काही रिळांत पाठ लाकडाची, कड्या एबोनाइटच्या. नंतर सगळं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं झालं. मधोमध ड्रम किती मोकळा फिरावा हे ठरवणारी छोटी व्यवस्था असते. तिचे भाग हरवलेले किंवा बदललेले बऱ्याचदा आढळतात, म्हणून तिथे थांबून बघा. यातलं 'मॅच एरियल' स्पर्धेत मासे धरणाऱ्यांचं आवडतं. एफ. डब्ल्यू. के. वॉलिस यांचं नाव त्याच्याशी आणि सेंटरपिनवरून लांब फेकण्याच्या पद्धतीशी जोडलेलं आहे.

एरियलच्या धर्तीवर आजही नवी रिळं बनतात, आणि त्यांत उत्तम कामाचीही आहेत. ती नकली नाहीत, नव्या काळाची आहेत. खोटेपणा तेव्हा होतो, जेव्हा कुणी नव्याला मुद्दाम जुनाट रंग चढवतं. खरा राप हाताच्या घामाने येतो. मुठी, कड, अंगठा टेकतो ती जागा इथे धातू गुळगुळीत आणि उजळ असतो, कोपऱ्यात काळा. सगळीकडे सारखा काळा असेल तर शंका घ्या.

हार्डीचं रीळ म्हणजे सेंटरपिनच का?

नाही. नॉर्थम्बरलंडमधल्या ॲन्विकचे हार्डी बंधू १८७२ पासूनचे. त्यांचं सर्वांत प्रसिद्ध 'परफेक्ट' हे मुळात फ्लाय रीळ. हार्डीचं फेकायचं मोकळं रीळ म्हणजे 'सिलेक्स', ते १८९६ चं. त्याला कडेजवळ बोटाने चालवायचा ब्रेक आणि चेक कमीजास्त करायची सोय असते, पुढे त्याची अनेक रूपं आली. हार्डीच्या रिळांत आतल्या बाजूला जोडणी करणाऱ्या कारागिराची आद्याक्षरं ठोकलेली आढळतात. ती दिसली तर फोटो काढून ठेवाच, काळ ठरवायला फार उपयोगी पडतात. कंपनीच्या जुन्या सूचींत रूपं आणि बदल चित्रांसह आहेत, त्यामुळे हार्डीचा शोध इतरांपेक्षा सोपा जातो.

ट्रूडेक्स, रॅपिडेक्स ही नावं कुणाची?

यंगची, दोन्ही सेंटरपिन. शेवटी 'डेक्स' असलं की पहिला अंदाज यंगचाच करावा, पण अँबिडेक्स हे त्यांचं फिक्स्ड स्पूल (फेकताना ज्याची दोऱ्याची फिरकी स्थिर राहते ते रीळ) आहे आणि ब्यूडेक्स फ्लाय रीळ.

रिळावर आकडे आहेत. त्यावरून साल सांगता येतं का?

येतं, पण कोणता आकडा ते आधी कळायला हवं.

'पेटंट' शब्दापुढचा आकडा असेल तर लक्षात ठेवा की १९१५ पर्यंत ब्रिटनमध्ये पेटंटचे क्रमांक दरवर्षी एकपासून पुन्हा सुरू व्हायचे. त्यामुळे नुसता '११,०००' सारखा आकडा अपुरा आहे, त्याच्यासोबत साल हवं. १९१६ पासून १,००,००१ ने सलग मालिका सुरू झाली. म्हणजे सहा आकडी पेटंट क्रमांक असेल तर रीळ १९१६ च्या आधीचं नाही. युरोपियन पेटंट ऑफिसच्या 'एस्पेसनेट' या मोफत संग्रहात जुने ब्रिटिश पेटंट चित्रांसह वाचता येतात. स्वतःच्या रिळाचा खटका शंभर वर्षांपूर्वीच्या रेखाचित्रात जसाच्या तसा दिसतो, तेव्हा खरंच अंगावर काटा येतो.

'रजिस्टर्ड' किंवा त्याच्या दोन अक्षरी संक्षेपापुढचा आकडा हा रचनेच्या नोंदणीचा असतो. ही मालिका १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली आणि १९०० उजाडताना साडेतीन लाखांच्या पुढे गेली होती. त्याआधी, १८४२ ते १८८३ या काळात, आकड्याऐवजी चौकोनी हिऱ्यासारखी खूण ठोकली जायची आणि तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांत आणि आकड्यांत दिवस, महिना, साल दडलेलं असायचं. या नोंदी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

मात्र हे साल नोंदणीचं आहे. त्या नोंदणीवर रीळ पुढे वीस वर्षंही बनलं असेल.

आणि मुठीजवळचा '४' किंवा '४ १/२' हा बहुधा इंचांतला आकार. ते मॉडेलचं किंवा सालाचं गूढ नाही.

काळी मूठ एबोनाइटची की बेकेलाइटची?

अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळा, लगेच नाकाशी धरा. गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर एबोनाइट. फिनाईलची आठवण करून देणारा कार्बोलिक वास आला तर बेकेलाइट. उन्हात राहिलेलं एबोनाइट काळं न राहता शेवाळी तपकिरी होतं, हीही खूण. बेकेलाइट हे सुरुवातीच्या काळातलं कडक प्लास्टिक, विसाव्या शतकातलं, १९०७ नंतरचं, त्यामुळे इथेही 'याआधीचं नाही' हा निष्कर्ष मिळतो. काही ठिकाणी गरम पाण्यात धरून वास घ्यायला सांगतात. एबोनाइटला ते सोसत नाही, पृष्ठभाग कायमचा मळकट होतो. अंगठा पुरे.

भाग बदललेले आहेत हे कसं कळेल?

स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात आले. एकोणिसाव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या रिळावर तसा स्क्रू दिसला तर तो नक्की नंतरचा. छोट्या ब्रिटिश स्क्रूंचे आटे बहुधा 'बी.ए.' (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे असतात. सहा नंबरचा बी.ए. स्क्रू २.८ मिलिमीटर, पाच नंबरचा ३.२. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला ३ मिलिमीटरचा स्क्रू दोन-तीन आटे छान जातो आणि मग जुने आटे कापत जातो. हरवलेल्या स्क्रूची जागा रिकामी ठेवा, पण तो पिळू नका. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांकडे कधीकधी योग्य माप मिळतं.

पायही तपासा. नव्या दांडीत बसवण्यासाठी पायाची टोकं कानस मारून बारीक केलेली असतात. पाय दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे कागदावर ठेवून पेन्सिलने आखून पाहिलं की लगेच कळतं. संग्राहक याला मोठा दोष मानतात. मला मात्र असं रीळ टाकून द्यावंसं वाटत नाही. कुणीतरी ते वापरायचं म्हणूनच कानस मारली होती.

साफ करू का?

नको. निदान लगेच नको.

आपल्या घरात पितळ म्हटलं की पितांबरी, चिंच, लिंबू हातात येतं. देवाच्या समईला ते ठीक. रिळावरचं कोरीव नाव केसाइतक्या खोलीचं असतं आणि दोन-तीनदा घासलं की जातं. सुरुवातीच्या काळात मी एका पितळी पाठीच्या रिळाला असंच चकचकीत केलं. घासण्याआधी तिथे 'मेकर' शब्द आणि त्यापुढे दोन ओळी होत्या, एवढं आठवतं. फोटो काढला नव्हता. ते रीळ कुणाचं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते माझ्या हातून झालं.

मऊ ब्रशने धूळ काढा. खिळ्यावरचं घट्ट झालेलं जुनं तेल सुती कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. लाकडाला पाणी लावू नका. मूळचं काळपट ब्रॉन्झिंग, म्हणजे धातूवर मुद्दाम चढवलेला गडद रंग, शिल्लक असेल तर ते ठिपकाभरही घालवू नका.

अशी रिळं आपल्याकडे कशी आली?

साहेबांबरोबर. भारतात महाशीर हा नदीतला मोठा, ताकदवान मासा धरण्याचं वेड इंग्रजांत मोठं होतं. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं भारतातल्या गळाच्या मासेमारीवरचं इंग्रजी पुस्तक १८७३ मध्येच आलं. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ मध्ये उघडली आणि काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. साहेबाच्या शिकारीपासून चहापर्यंतचं सामान अशा दुकानांतून यायचं. १९४७ नंतर बरंच काही इथेच राहिलं: बंगल्यांत, क्लबांत, संस्थानिकांच्या कोठारांत, आणि तिथून जुन्या बाजारात. पुण्याच्या जुन्या बाजारात मी एकदा विचारलं, "दादा, हे काय आहे?" तर ते म्हणाले, "पतंगाची फिरकी असंल साहेबांची." फार चुकले नव्हते ते.

पण महाशीरसाठी आलेली सगळीच रिळं सेंटरपिन नव्हती. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या मॅलक यांचं १८८४ च्या पेटंटचं 'साइड कास्टर' भारतातही आढळतं. त्याचा ड्रम पायावर आडवा वळवता येतो. फेकताना वळवायचा, गुंडाळताना सरळ. पाय आणि पाठ यांच्या मधे फिरती कळ दिसली तर ते हेच. ऑस्ट्रेलियातली ब्रिस्बेनची अल्वी कंपनी याच तत्त्वाची रिळं १९२० पासून करत आली.

मूठ हस्तिदंताची वाटते. विकता येईल?

आधी नीट बघा. भिंगातून मुठीच्या कापलेल्या टोकाकडे पाहा. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. सरळ, समांतर, एकसारख्या रेषा असतील तर ते हस्तिदंतासारखं बनवलेलं प्लास्टिक. हार्डीच्या सुरुवातीच्या काही रिळांना खऱ्या हस्तिदंताच्या मुठी होत्या. भारतात हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. त्यामुळे असं रीळ विकायला काढू नका.

परदेशात पाठवण्याबद्दलही बरेच विचारतात. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली शंभर वर्षं पूर्ण झालेल्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. तुमचं रीळ त्यात बसतं का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. ती वस्तू पुरातन नाही असं प्रमाणपत्र तिथे देतात.

यावर आज मासा धरता येईल का?

धातूचं, घट्ट आणि न डगमगणारं असेल तर जरूर. ड्रमची कड दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. 'टक टक' जाणवलं तर खिळा किंवा त्याचं बूश झिजलेलं आहे. १९०५ मध्ये इलिंगवर्थ यांच्या फिक्स्ड स्पूलचं पेटंट झालं. पुढे फेकणं इतकं सोपं झालं की सेंटरपिन मागे पडलं. पण फ्लोट प्रवाहात सोडून, ड्रमच्या कडेवर अंगठा हलका टेकवून, माशाची पहिली ओढ थेट त्वचेवर जाणवणं दुसऱ्या कोणत्याही रिळात नाही. लाकडी रीळ मात्र पाण्याजवळ नेऊ नका.

ड्रमवर जुना दोरा आहे. काढून टाकू?

आधी जाळून बघायचा मोह आवरा. सगळा दोरा तसाच राहू द्या, फक्त मोकळं टोक बघा. विणलेला, मऊ, तेलकट आणि पिवळट असेल तर रेशीम. टोकाशी वितळल्यासारखा गोळा असेल तर नायलॉन, म्हणजे शेवटचा वापर बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. रेशमी दोरा बोटाला चिकटत असेल तर तो ड्रमच्या धातूलाही खात असतो. तेव्हा हळूहळू सोडवून कागदाच्या पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा, पुठ्ठ्यावर रिळाचं वर्णन आणि तारीख लिहा आणि रिळाशेजारीच ठेवा. सोडवताना सगळ्यात आतल्या वेढ्यापर्यंत जा. दोरा ड्रमला बांधलेली गाठ पहिल्या मालकाच्या हातची असू शकते. ती कापू नका, नखाने सोडवा.